आबांचा उजवा हात आणि कराटेची पिक्चर

कुंदा, भांडण अर्धं टाकून निघून जायची तुझी सवय जुनीच. मी मुद्द्यावर आले की तुला शाळेची वेळ व्हायची. तू रिटायर झालीस, शाळा संपली, तेव्हा नेमकं त्याच क्षणाला दूध उतू जायला लागलं, नाहीतर दाराशी कुणीतरी यायला लागलं. "आले गं वहिनी," म्हणायचीस आणि जायचीस. परत यायचीस ती भलताच विषय घेऊन. या वेळी मात्र फार लांब गेलीस.

भेटायला येणारे आता थांबलेत. नितू आठवडाभर राहून पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "आई, तू पण चल ना, इथे एकटी काय करशील?" मी म्हटलं, बघू. खरं म्हणजे मला अजून तुझ्याशी बोलायचं आहे, आणि पुण्यात ते जमणार नाही. इथे ओट्याशी उभं राहून बोललं तर निदान भिंतींना सवय आहे.

मी देवासहून लग्न होऊन रामबागेतल्या या घरात आले तेव्हा तू मुलींच्या शाळेत पीटी शिकवायचीस. पांढरा सलवार-कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. माझ्या माहेरी बायका उंबऱ्याबाहेर पडल्या की आवाज उतरवायच्या. तू गल्लीच्या तोंडाशी उभी राहून रिक्षावाल्याला हाक मारलीस तर तो राजवाड्यावरून वळून आला असता. मला तुझी भीतीच वाटली होती आधी. वाटलं, नणंद म्हणजे ही असली! सासूबाई नव्हत्या, घरात बाई म्हणून तूच. पहिल्याच सकाळी तू मला म्हणालीस, "वहिनी, मला पोळ्या येत नाहीत, तू कर. बाजार मी करते." नंतर कितीतरी वर्षांनी कळलं की तुला उत्तम पोळ्या येत होत्या. नवीन आलेल्या पोरीला घरात काहीतरी आपलं वाटावं म्हणून तू ते काम माझ्याकडे सोडलंस. पण हे तू कधी कबूल केलं नाहीस.

आणि आबा. तुझे वडील, माझे सासरे. त्यांच्या घराण्यात कुणी होळकरांच्या फौजेत होतं, आणि आबा ते असं सांगत की जणू ते स्वतःच कालपर्यंत घोड्यावर होते. फौज गेली, संस्थान गेलं, आबांनी सगळा जन्म कचेरीत कारकुनी केली. पण दांडपट्टा सोडला नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या, त्या सजवलेल्या देखाव्यांच्या गाड्या, निघाल्या की आखाड्याच्या पुढे आबा पट्टा फिरवत जायचे, आणि त्या लवलवत्या पात्याला घाबरून दोन्हीकडची गर्दी आपोआप मागे सरायची. मी नवी नवरी असताना एकदाच पाहिलं ते. घरी वर्तमानपत्र वाचणारा हा माणूस रस्त्यावर कुणी वेगळाच होता.

ही विद्या त्यांनी मुलाला द्यायचा फार प्रयत्न केला. आमच्या ह्यांना पट्ट्यापेक्षा पोहे प्रिय. आणि जिला हवी होती ती तू, दाराआड उभी राहून बघायचीस. लहानपणी एकदा पट्टा हातात धरलास तर आबांनी तो काढून घेतला. "मुली पट्टा फिरवत नाहीत." एवढंच बोलले. तू मला हे सांगितलंस तेव्हा हसत सांगितलंस, पण ते वाक्य अगदी त्यांच्या आवाजात सांगितलंस. इतक्या वर्षांनीही तो आवाज तुझ्या कानात होता.

म्हणून तर ती चिनी मारामारीची पिक्चर टॉकीजला लागली तेव्हा तू गेली नाहीस. आठवतंय? शाळेतल्या पोरी मैदानात कोंबड्यासारख्या एका पायावर उभ्या राहून एकमेकींना लाथा दाखवत होत्या, आणि तू घरी येऊन त्यांची नक्कल करून आम्हाला हसवत होतीस. तेव्हा त्या सगळ्याच पिक्चरांना लोक कराटेची पिक्चर म्हणायचे. तू जेवताना हळूच विषय काढलास. आबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "ते चिनी माकडचाळे बघायला आपल्या घरातल्या बायका जाणार नाहीत." संपलं.

मी तुला मोरीपाशी गाठून म्हटलं, "अगं, तू कमावती आहेस, तिशीला आलीस. जा की. मी येते सोबत."

तू ताट विसळत म्हणालीस, "वहिनी, आबांशी एकदा भांडून झालंय माझं, लहानपणी. त्याच गोष्टीवरून दुसऱ्यांदा नाही."

पिक्चर उतरली. आणि त्या थंडीत आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द फाटून यायला लागले. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात येईल परत, पण हलवत राहिलं पाहिजे. आबा हलवेनात. दाबायला आणलेला रबरी चेंडू नितूने अंगणात नेला तरी त्यांना पत्ता नाही. त्यांना आपलं बोबडं बोलणं ऐकवत नव्हतं, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. ह्यांनी समजावलं, मी समजावलं, आखाड्यातली मंडळी येऊन रडून गेली. ती आल्यावर तर ते आणखीनच भिंतीत गेले. तू शाळेतून आलीस की त्यांचा हात आपल्या हातात घेऊन वरखाली करायचीस, आणि ते तो मेल्यासारखा सोडून द्यायचे. एकदा मी पाहिलं, तू तो हात खाली ठेवलास, शालीने झाकलास आणि परसात नळ सोडून उभी राहिलीस. नळाखाली बादली नव्हती.

असे महिने गेले. मग एका शनिवारी तू धावत घरात आलीस. शिट्टी गळ्यातच.

"वहिनी! ती आली! व्हिडिओवर आली!"

कोपऱ्यावर नुकतंच व्हिडिओचं दुकान निघालं होतं. दारात खडूने नव्या कॅसेटींची नावं लिहायचे. तू तिथेच दुकानदाराला पकडून सगळी चौकशी करून आली होतीस. त्याने म्हणे सांगितलं, "दीदी, है तो कराटे की, पर हँसा-हँसा के मार डालेगी. फॅमिली के साथ देखो." व्हीसीआर भाड्याने मिळत होता. प्रश्न एकच होता. आपला टीव्ही आबांच्या खोलीत होता, आणि अँटेनाची तार, प्लग, सगळं तिथेच.

हे म्हणाले, "कुंदा, डोकं ठिकाणावर आहे का? आबांच्या समोर? त्यांनी नको म्हटलेली पिक्चर?"

तू म्हणालीस, "दादा, नको म्हणायचं असेल तर म्हणू देत ना. निदान तोंडातून शब्द तर निघेल."

रविवारी दुपारी हेच स्कूटरच्या पुढच्या जागेत चादरीत गुंडाळलेलं ते मशीन घेऊन आले. अर्धी गल्ली मागोमाग. आबांच्या खाटेजवळ सतरंजी टाकली. आबा भिंतीकडे तोंड करून.

तुला आठवत असेल सगळं, तरी सांगते, कारण माझ्याएवढं आता कुणाला आठवत नाही. चिनी माणसं इंग्रजीत बोलत होती, ओठ एक हलत होते आणि शब्द भलतेच येत होते. आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. एका खाणावळीत भांडी घासणारा आळशी पोरगा, त्या खाणावळीवर डोळा असलेला एक जाडा गुंड, आणि कावड घेऊन भाजी विकणारी एक म्हातारी. ती म्हातारीच त्या पोराला शिकवते, आणि सगळ्यात आधी काय शिकवते तर पडायला. शिडीवरून पडतो, जिन्यावरून पडतो, कोबीच्या टोपल्यात पडतो. मुलं लोळून हसत होती. तू मात्र पुढे सरकून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होतीस, आणि म्हातारी आली की हसायचं विसरत होतीस.

मध्यावर कुठेतरी त्या पोराची आणि गुंडाची पहिली मारामारी झाली. पोरगा बाकावर उभा राहून मोठ्या ऐटीत पवित्रा घेतो, आणि गुंड नुसता बाक ओढतो. पोरगा पाण्याच्या हौदात.

आणि मागून आवाज आला. "पाय."

आपण सगळे वळलो. आबा कुशीवर झाले होते. केव्हा झाले कुणास ठाऊक.

"मागचा पाय," ते म्हणाले. शब्द फाटकाच होता, पण चांगला मोठा. "मागचा पाय कच्चा. पडणारच गाढव."

नितू म्हणाला, "आबा बोलले!" तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास आणि मागे न बघता, अगदी सहज म्हणालीस, "नाही हं आबा. त्याने बाक ओढला म्हणून पडला."

"पवित्रा पक्का असता... तर बाक... ओढता आला नसता."

मग शेवटपर्यंत ते बघत राहिले. त्या जाड्याने तलवार फिरवली तेव्हा तुच्छतेने नाकातून आवाज काढला. म्हातारीने कावडीच्या दांड्यावर तीच तलवार उडवली तेव्हा डावा हात खाटेवर आपटला. आणि अखेरीस तो जाडाच भाजी विकायला बसतो आणि म्हातारी त्याच्याशी घासाघीस करते, तिथे आबा हसले. अर्ध्याच तोंडाने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू उठून बाहेर गेलीस, म्हणालीस चहा टाकते. चहा मग मीच टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तू परसातली काठी घेऊन आबांच्या खाटेसमोर उभी राहिलीस. मी दारात गहू निवडत होते.

"आबा, पक्का पवित्रा म्हणजे कसा? दाखवा."

आबांनी काठीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. मला वाटलं, आता ते जुनं वाक्य येणार. तुलाही वाटलं असणार, काठीवरची तुझी बोटं पांढरी झाली होती. पण ते म्हणाले, "पुढचा गुडघा वाकव. अजून. नजर वर."

तू वाकवलास. त्यांनी डावा हात उचलून मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. तू चुकलीस. परत दाखवलं. परत चुकलीस.

मग तू कपाळावरचे केस मागे सारत म्हणालीस, "आबा, डाव्या हाताचं मला उलटं दिसतं हो. काही समजत नाही. उजव्याने दाखवा ना."

गव्हाचं ताट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. आबांचा चेहरा लाल झाला. वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी शालीतून उजवा हात बाहेर काढायचा प्रयत्न केला. आला नाही. डाव्याने उचलून मांडीवर ठेवला. बोटांकडे बघत राहिले. एक बोट हललं, कुंदा. मी दारातून पाहिलं.

आपलं भांडण इथेच सुरू होतं. मी तुला त्याच संध्याकाळी म्हटलं, केवढं नाटक केलंस! आणि तू डोळे मोठे करून म्हणालीस, "नाटक कसलं? मला खरंच समजलं नाही." तू, जी रोज शेकडो पोरींसमोर तोंड करून उभी राहून कवायत घ्यायचीस, त्यांचा उजवा तर तुझा डावा, त्यांचा डावा तर तुझा उजवा! तुला उलटं समजत नाही? मी हा मुद्दा काढला की तुला शाळेची वेळ व्हायची.

रोज संध्याकाळी शिकवणी चालायची. आधी बोटं, मग मनगट. कोपर यायला उन्हाळा उजाडला. आबा ओरडायला लागले, शिव्या द्यायला लागले, आणि शिव्या देता देता शब्द सरळ व्हायला लागले. तू चुकत होतीस आणि ते उखडत होते. "अगं बये, खांद्यातून नाही, मनगटातून! किती वेळा सांगू?" शेजारच्या भाबीजी मला विचारत, "बाबूजी कुंदा को इतना क्यों डाँटते हैं?" मी काय सांगणार? डाँट नाही, दवा चाललीय, असं सांगायचं?

पण एक गोष्ट मी तेव्हा पाहिली नव्हती, आता दिसते. तू फक्त त्यांना बरं करत नव्हतीस. तू शिकतही होतीस. तुझ्या मनगटावर काठी फिरायला लागली तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून मी नजर दुसरीकडे न्यायची. एखाद्याचं फार खाजगी काही दिसावं तसं वाटायचं.

पुढे शाळेच्या संमेलनात तू मुलींना घेऊन पट्ट्याचा कार्यक्रम बसवलास. आबा रिक्षातून गेले, काठी टेकत मांडवात शिरले, पुढच्या खुर्चीवर बसले. तुझा सगळा जन्म शाळेच्या मैदानावर गेला, पण ते पहिल्यांदाच तिथे आले होते. तू शेवटी एकटी पुढे आलीस, खरा पट्टा घेऊन. आपल्या भिंतीवरचा. तो त्यांनीच सकाळी उतरवून तुझ्या पिशवीशेजारी ठेवला होता. तू सुरू केलंस आणि सगळा मांडव गप्प झाला, आणि त्या शांततेत आबा ओरडले, "मागचा पाय!"

सगळे हसले. तू पण हसलीस, पाय नीट केलास आणि पुढे चालू ठेवलंस. घरी येताना रिक्षात आबा माझ्याशेजारी होते. वाटेत म्हणाले, "पाय चांगला होता तिचा. मी उगाच ओरडलो." मी म्हटलं, मग तिला सांगा की. ते म्हणाले, "सांगतो." सांगितलं का त्यांनी? मी तुला कधी विचारलं नाही, आणि तूही कधी बोलली नाहीस. नसेल सांगितलं, तर आज माझ्याकडून ऐक. पाय चांगला होता तुझा.

आबा गेले, मग खूप वर्षांनी हे गेले. नितू पुण्याला. घरात आपण दोघी. ह्यांच्या पाठीमागे मी पार बसले होते. केस विंचरायचा कंटाळा यायचा. तू एका सकाळी पिशवी माझ्या पुढ्यात टाकून म्हणालीस, "वहिनी, सियागंजात मला भाव करता येत नाही. ते लोक लुटतात मला. चल ना सोबत." मी उठले, साडी बदलली, गेले. आणि तिथे मसाल्याच्या दुकानात व्यापारी, ज्याला बाई-पुरुष सगळे 'भिया'च, मला म्हणतो, "माताजी, इन दीदी को आप सँभालो भिया, ये तो हमको रुला देती हैं." मी तुझ्याकडे पाहिलं. तू धने हातावर घेऊन वास घेत होतीस.

मला तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं. पोळ्या येत नाहीत, उजवं-डावं समजत नाही, भाव करता येत नाही. समोरचा उठावा म्हणून तू आपणच बसायचीस. पण मी पण कसली! मी म्हटलं, "मिरच्या पण घेऊन टाकू." आणि आपण वाटेत कचोरी खाऊन घरी आलो.

त्या पिक्चरचं वेड तुझं गेलं नाही. नितूने एकदा सुट्टीत ती कॉम्प्युटरवर लावून दिली. आता रंगीत. म्हातारीचा सदरा निळा निघाला. तू हिरमुसलीस. "मला वाटायचं लाल असेल." मग दिवसभर मधूनच म्हणत होतीस, निळापण चांगला आहे.

तुझ्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात तुला उठवून बसवायला एक फिजिओची मुलगी यायची. गोड पोरगी. "आँटी, बस पाँच कदम." तू डोळे मिटून पडायचीस. तू! मी खुर्ची ओढून तुझ्या कानाशी म्हटलं, "कुंदा, घरी चल ना. गॅसचं सिलिंडर बदलायचंय, मला येत नाही लावायला."

तू एक डोळा उघडलास. "वहिनी," म्हणालीस, "आधी खोटं बोलायला शीक."

मी म्हटलं, "मग तू शिकव. म्हणजे तेव्हा नाटकच होतं ना? आबांच्या वेळी? सांग आता तरी."

तू हसलीस. ओठ कोरडे होते, मी ओल्या कापसाने पुसले. तू उठून बसलीस हं, माझ्या खांद्याला धरून, त्या मुलीने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला वाटलं जमलं. तू उत्तर द्यायला तोंडही उघडलंस, पण तेवढ्यात नर्स आली, औषधाची वेळ झाली म्हणून. मग तुला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तू कुणालाच ओळखत नव्हतीस, आणि मग तू गेलीस.

आज मी तुझा फोटो फ्रेम करायला घेऊन गेले होते. राजवाड्यामागच्या गल्लीत, एकटीच गेले, रस्ता पण नीट ओलांडला. दुकानातला मुलगा भला होता. फोटो उजेडात धरून बघितला, म्हणाला, "माँजी, काँच वाली लगा दूँ? अच्छी दिखेगी." मी मान हलवली. मग त्याने फूटपट्टी ठेवता ठेवता विचारलं, "आपकी कौन लगती थीं?"

मी म्हणणार होते, ननद. गेले काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच सांगत होते. आणि ऐकणारा "अच्छा अच्छा" म्हणायचा, जरा हलका व्हायचा, चला, अगदी जवळचं कुणी नाही. मग तो नितूकडे वळायचा. तो शब्द आज तोंडातून निघेना. दुसरा कुठलाही सापडेना. तो मुलगा फूटपट्टी हातात धरून थांबला होता.

"घर में हम दो ही थे, भिया," मी म्हटलं.

त्याने फूटपट्टी खाली ठेवली, आतून स्टूल आणून दिलं, आणि म्हणाला, "बैठिए माँजी." मी बसले.